काशम्मा काय मागत होत्या

केम गावात कुंकवाचे कारखाने आहेत. तिथं पुड्या भरणाऱ्या बायकांचे तळहात कायमचे लाल होतात आणि तो रंग घालवायच्या भानगडीत गावात कुणी पडत नाही. रेश्मा लग्न होऊन केमला आली आणि दुसऱ्याच महिन्यात तिचेही हात तसेच झाले. पुढची चार वर्षं बरी गेली म्हणायची. मग सासरे कोंडीबा चिंचेच्या झाडावरून पडले आणि त्यांचं कमरेखालचं अंग गेलं.

आता अशा वेळी घरात करणारं कोण असतं हे काय सांगायला पाहिजे? सासूबाई मथुराबाई उंबऱ्यावर बसून पदर नाकाला लावून रडायच्या. नवरा, आदिनाथ, टेम्पो घेऊन सकाळी निघायचा तो दिवेलागणीला यायचा. राहिली सून. सकाळी कुंकू भरायचं आणि उरलेला दिवस सासऱ्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, पुसायचं, भरवायचं, पाठीला पावडर लावायची. चार वर्षं हे चाललं. कोंडीबा गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एकसुद्धा जखम नव्हती. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी ती पाठ दोनदा पाहिली आणि विचारलं, "हे कुणी केलं? कुठं शिकलात बाई?"

रेश्माला तोवर माहीतच नव्हतं की हे शिकायचंही असतं. सून म्हणून करतात ते काम कुठंतरी वर्गात शिकवतात, त्याचा कागद मिळतो, आणि कागद असला की लोक तुम्हाला घरी बोलावून मानानं हे काम देतात, हे तिला गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी सांगितलं. सोलापुरात सात रस्त्याजवळ एक सेंटर होतं. म्हाताऱ्या माणसांची, अपंगांची काळजी घ्यायचं शिक्षण. तीन महिने वर्ग आणि तीन महिने एका घरी प्रत्यक्ष काम.

आदिनाथ हसला. "लोकांचं हागणं-मुतणं काढाय शिकणार? हितं फुकाट करत हुतीस ते कमी पडलं व्हय?"

"हितं मला कुणी बाई म्हनलं न्हाई," रेश्मा म्हणाली. "डाक्टर म्हनलं."

 तेव्हा त्यानं अट घातली. सहा महिने. कागद आणला तर तिचं खरं. नाही आणला तर गप परत यायचं आणि कुंकू भरायचं, मग पुन्हा सोलापूरचं नाव काढायचं नाही. रेश्मानं मान डोलावली. त्या कागदावर तिनं काय काय लावलं होतं, हे त्या बिचाऱ्याला कळायचं कारण नव्हतं.

सेंटरमध्ये ती हुशार निघाली. म्हणजे तशी ती होतीच, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. दानेश्वरी मॅडम शिकवायच्या. अंगानं बारीक, आवाजानं भारी बाई. माणसाला काखेतून कसं उचलायचं, अर्धांगवायू झालेल्याला सदरा घालताना आधी दुबळा हात का घालायचा, रक्तदाब कसा मोजायचा, सगळं त्या स्वतः करून दाखवायच्या. आणि सगळ्यात जास्त बोलायच्या त्या वहीबद्दल. पेशंटच्या घरी रोज वही लिहायची. काय खाल्लं, किती प्याले, काय बोलले, तुम्ही काय केलं. पेशंट बोलला तो शब्द जसाच्या तसा लिहायचा, आपल्या मनानं सजवायचा नाही. दर शनिवारी मॅडम वही तपासणार. तीन महिन्यांनी शेवटच्या पानावर घरच्या लोकांचा अभिप्राय आणि सही. ती सही असली तरच कागद.

रेश्माच्या वाट्याला घर आलं ते बाळीवेशीतलं. सिद्धलिंग यांचं मंगळवार पेठेत भुसार मालाचं दुकान. त्यांची बायको महेश्वरी शाळेत शिक्षिका. दोघं सकाळी बाहेर पडत ते संध्याकाळी येत. घरात राहायच्या त्या सिद्धलिंगांच्या आई, काशम्मा. वय अठ्ठ्याहत्तर. उजवी बाजू पक्षाघातानं गेलेली आणि त्याच्याबरोबर मराठीही गेलेली.

हे ऐकून रेश्मा बावचळली. मराठी कशी जाते? महेश्वरीनं समजावलं. काशम्मा अक्कलकोटकडच्या, लहानपणी घरात नुसतं कन्नड. मराठी त्या लग्नानंतर शिकल्या, मग साठ वर्षं बाजारात, शेजारात फडाफडा बोलल्या. झटका आल्यावर मागून आलेली भाषा पुसली गेली आणि पहिली तेवढी राहिली, तीही एकेका शब्दापुरती. "तुम्ही बोललेलं त्यांना समजतं," महेश्वरी म्हणाली. "बोलता येत नाही, एवढंच. काही लागलं तर हे बघा." तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरात शब्द लिहून तो पलंगाशेजारी भिंतीला चिकटवला. नीरु म्हणजे पाणी. ऊटा म्हणजे जेवण. हाल म्हणजे दूध. साकु म्हणजे पुरे. बेडा म्हणजे नको. बच्चल म्हणजे न्हाणी. असे दहा शब्द होते. सगळे मागायचे नाहीतर नाकारायचे. शिक्षिकेच्या अक्षरातला तो कागद इतका नीटनेटका होता की त्यात काही राहिलं असेल असं कुणालाच वाटलं नाही.

काशम्मांच्या गळ्यात शिवदोऱ्याला चांदीची डबी होती. तीत त्यांचं इष्टलिंग. लिंगायत घरात हे लेकराच्या गळ्यात बांधतात ते माणसाबरोबर जमिनीतच जातं. पूर्वी रोज अंघोळ झाली की त्या डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेऊन तासभर पूजा करायच्या. आता हातात ताकद नव्हती. डबी छातीवर नुसती पडून असायची. महेश्वरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, लिंगाला हात लावायचा नाही, डबी मात्र अंघोळीच्या वेळी सरकवली तरी चालेल.

पंधरा दिवसांत काशम्मा आणि रेश्मा यांचं जमलं. रेश्मा बोलत राहायची आणि काशम्मा ऐकत राहायच्या. केमची गाऱ्हाणी, सासूची थेरं, आदिनाथाची अट, सगळं. काशम्मा मध्येच डाव्या हातानं तिचा तळहात उलटा करून बघायच्या. लाली अजून गेली नव्हती. त्या ती बोटानं पुसायला बघायच्या आणि हसायच्या. तोंडाची अर्धी बाजूच हसायची.

मग व्यायाम शिकवणारा आला आणि म्हणाला, यांना उभं करायला हरकत नाही, रोज थोडं चालवा. सिद्धलिंगांच्या अंगात उत्साह संचारला. संक्रांतीला यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्यांच्या दारावरून जात. काशम्मा साठ वर्षं दारात उभ्या राहून त्यांच्यावर खोबऱ्याचा हार टाकत आल्या होत्या. "अव्वानं यंदा पण दारात उभं राहायचं," सिद्धलिंग म्हणाले. "रेश्माताई, एवढं करून दाखवा. मग मी तुमच्या वहीत काय लिहितो ते बघा."

पलंगापासून दारापर्यंत छत्तीस पावलं होती. रेश्मानं ती स्वतः मोजली.

पहिल्या दिवशी चार पावलं झाली. दुसऱ्या दिवशी पाच. दुपारी जेवण उतरलं की ती काशम्मांच्या कमरेला पट्टा बांधायची, त्यांची उजवी बाजू आपल्या अंगावर घ्यायची आणि मोजत चालवायची. आठवडाभरात नऊ झाली. संध्याकाळी सिद्धलिंग चपला काढायच्या आधी विचारायचे, "आज किती?" रेश्मा आकडा सांगायची आणि घर खूश व्हायचं.

अकराव्या पावलाला काशम्मा थांबल्या. डावा हात छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "एदी."

रेश्मानं भिंतीवरचा कागद आठवला. हा शब्द त्यात नव्हता. तिनं विचारलं, "काय पायजे अव्वा?" काशम्मा पुन्हा म्हणाल्या, "एदी. एदी." हात छातीवरच.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. केमची माणसं 'दे' म्हणत नाहीत, 'दी' म्हणतात. जाऊ दी. सोडून दी. मला बी दी की. रेश्माच्या कानाला ऐकू आलं ते 'ए, दी'. आणि हात कुठं, तर लिंगाच्या डबीवर. म्हातारी तिला हाक मारून म्हणते आहे, ए, दे. साठ वर्षं रोज पूजा केलेली बाई, आणखी काय मागणार? रेश्माच्या अंगावर काटा आला. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, हात धुतले, डबी अलगद उचलून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. काशम्मांनी डबीकडे पाहिलं, मग रेश्माकडे पाहिलं. मग डोळे मिटून बसून राहिल्या. दहा मिनिटांत त्यांचा चेहरा निवला.

रेश्मानं वहीत लिहिलं: चालताना आजी 'ए दी' म्हणाल्या. लिंगाची डबी हातात दिली. शांत झाल्या.

संध्याकाळी तिनं महेश्वरीला सांगितलं, "आज अव्वांनी डबी मागितली." महेश्वरीचे डोळे भरून आले. तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं दुकानात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन बायका ही कोण बाई आहे ते बघायला आल्या. आमच्यातली नसूनही हिला लिंग कळतं, म्हणाल्या. अव्वांनी मागितली, एवढंच रेश्मानं सांगितलं. कोणत्या शब्दानं मागितली हे ना तिनं सांगितलं, ना त्यांनी विचारलं. तो शब्द होता फक्त वहीत, आणि वही शनिवारी दानेश्वरी मॅडमच्या टेबलावर इतर एकोणतीस वह्यांच्या ढिगात जायची आणि पानापानाखाली लाल खूण घेऊन परत यायची. मॅडमचं माहेर विजापूरचं, कन्नड ही त्यांची घरचीच भाषा. त्यांनी ती ओळ एकदा जरी वाचली असती तरी! पण त्या वाचत नव्हत्या, खुणा करत होत्या.

सकाळी रेश्मा रक्तदाब बघायची तेव्हा तो ठीक असायचा. पडून असलेल्या माणसाचा असतोच. रात्री मुलगा-सून घरी असायची तेव्हा काशम्मांना काही होत नसे, कारण तेव्हा त्यांना कुणी चालवत नसे. दुखायचं ते दुपारी, बाराव्या-पंधराव्या पावलाला, आणि तेव्हा जवळ असायची फक्त केमची रेश्मा. बसवलं की विसाव्यानं कळ जायची आणि रेश्माला वाटायचं, डबीनं गेली. रोज नाही, दोन-तीन दिवसांआड त्या 'एदी' म्हणायच्या. रेश्मा दर वेळी वहीत लिहायची. सव्वीस पावलं झाली, मग एकोणतीस.

जानेवारी उजाडला. संक्रांतीला नऊ दिवस राहिले होते. सकाळी निघताना सिद्धलिंग म्हणाले, "आज दार गाठायचं बघा ताई. आज होऊन जाऊ दे."

दुपारी रेश्मानं काशम्मांना उभं केलं. आज त्या जड वाटत होत्या. विसाव्या पावलाला थांबल्या आणि म्हणाल्या, "एदी." रेश्मा म्हणाली, "व्हय व्हय, देते. आजच्या दिवस दार गाटू." पंचविसाव्या पावलाला पुन्हा, "एदी, एदी." डावा हात पट्ट्यावरून सुटून छातीवर गेला. समोर दार दिसत होतं, बाहेरचं ऊन उंबऱ्यावर आलं होतं. रेश्मानं लहान लेकराला समजवावं तसं हसून म्हटलं, "आदी दार, मग डबी. चला बघू." काशम्मांनी तिच्याकडे पाहिलं आणि आणखी सात पावलं टाकली.

बत्तिसाव्या पावलाला त्या रेश्माच्या अंगावर कलल्या. तिनं त्यांना पडू दिलं नाही. शिकवलं होतं तसंच, आपल्या गुडघ्यावरून घसरवत हळूच जमिनीवर घेतलं, डोक्याखाली हात ठेवला, छाती दाबायला घेतली, ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं. सगळं बरोबर केलं. डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं. हृदयविकाराचा झटका, ते म्हणाले, वयच होतं. सिद्धलिंग धावत आले. रेश्मा रडत एवढंच म्हणू शकली, "डबी मागत हुत्या. शेवटपतूर डबी मागत हुत्या."

त्या वाक्यानं त्या घराला किती आधार दिला! येणाऱ्या प्रत्येकाला सिद्धलिंग तेच सांगत होते. अव्वा लिंग मागत मागत गेली. लिंगायतांचे पुरोहित, जंगम स्वामी आले, त्यांनी ऐकलं आणि हात जोडले. असं मरण फार थोड्यांना येतं, म्हणाले.

लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. काशम्मांना अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवायचं होतं आणि पाठ ताठ राहत नव्हती. बायका गोंधळल्या. तेव्हा महेश्वरी म्हणाली, "रेश्माताईंना बोलवा, त्यांना येतं." आणि रेश्मा काशम्मांच्या मागं बसली. तीन महिने जसं धरलं तसंच काखेतून धरून तिनं त्यांना सरळ बसवलं, आणि पुढून कुणीतरी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं.

समोर एक म्हातारी नातेवाईक कपाळ बडवत कन्नडमध्ये रडत होती. "एदी ओडदु सत्तळव्वा, एदी ओडदु सत्तळु."

रेश्मानं मान वर केली. शेजारी बसम्मा बसली होती. ती या घरी सकाळची धुणीभांडी करायची, दोन्ही भाषा बोलायची. रेश्मानं तिला हळूच विचारलं, "मावशी, त्या काय दी म्हनत्यात? काय मागत्यात?"

"मागत न्हाई गं," बसम्मा डोळे पुसत म्हणाली. "छाती फुटून मेली म्हनती. एदी म्हंजी छाती की." आणि तिनं आपला हात छातीवर ठेवला. काशम्मा ठेवायच्या तिथंच.

रेश्माचे हात प्रेताच्या काखेत होते. ते सोडता येत नव्हते, सोडले असते तर काशम्मा पुढं पडल्या असत्या. मिरवणूक निघेपर्यंत पाऊण तास ती त्यांना तशीच धरून बसली. लोकांना वाटलं, काय माया आहे या बाईची.

पुढचे तीन दिवस ती सेंटरच्या खोलीत पडून होती. चौथ्या दिवशी उठली आणि वही काढली. वहीत चूक झाली तर खोडरबर चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची, असं त्यांना शिकवलं होतं. रेश्मानं पहिल्या 'ए दी'वर रेघ मारली. वर लिहिलं: छातीत दुखतंय. बाजूला सही केली. आता ती ओळ अशी झाली: चालताना आजी छातीत दुखतंय म्हणाल्या. लिंगाची डबी हातात दिली. शांत झाल्या.

असं तिनं बावीस जागी केलं. शेवटच्या दिवसाची नोंद राहिली होती, तीही लिहिली. ती धरून तेवीस.

वही घेऊन ती मॅडमकडे गेली. दानेश्वरी मॅडमनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग नुसती पानं उलटत राहिल्या. प्रत्येक दुरुस्तीखाली त्यांची लाल खूण होती.

"मी वाचलं नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"व्हय मॅडम."

"तू नवी वही घे. सगळं उतरवून काढ आणि हा शब्द गाळ. मी खुणा करते. त्यांना कशाला सांगतेस? त्यांना वाटतंय, आई देवाचं नाव घेत गेली. ते तुला काढून घ्यायचंय का? आणि ते सही करतील का मग? तुझे सहा महिने भरत आले ना?"

मॅडम वाईट नव्हत्या, आणि त्या बोलल्या त्यातलं काहीच खोटं नव्हतं. रेश्मानं कोरी वही घेतली. दोन पानं उतरवलीसुद्धा. सिद्धलिंगांचा फोन आला होता. अकराव्या दिवशी या, सही करतो, महेश्वरीनं तुमच्यासाठी साडी आणलीय, आणि अक्कलकोटला तिच्या आईला बाई पाहिजे, तुमच्याशिवाय कुणी नको म्हणते. सगळं हातात आलं होतं. कागद, काम, मान. तिसऱ्या पानावर तिचा हात थांबला. म्हातारी तेवीस दिवस सांगून गेली आणि एकानं ऐकलं नाही. आता हीही वही उतरवून काढली तर ती बोललीच नव्हती असं होणार. निदान तिच्या पोटच्या पोराला तरी कळायला पाहिजे. एवढंच रेश्माच्या मनात आलं. तिला आपण काही मोठं करतो आहोत असं अजिबात वाटलं नाही. तिला भीती वाटत होती.

अकराव्या दिवशी ती जुनीच वही घेऊन बाळीवेशीत गेली. काशम्मांचा फोटो लावला होता. महेश्वरीनं साडी आणि नारळ तबकात ठेवला होता. सिद्धलिंगांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि म्हणाले, "द्या वही. कुठं लिहायचं?"

"आदी वाचा दादा," रेश्मा म्हणाली. "मग लिवा."

त्यांना वाटलं, ही बाई आपलं कौतुक वाचायला लावते आहे. त्यांनी हसतच पान उघडलं. वाचलं. रेघेखालचा शब्द वाचला, वरचे शब्द वाचले. पुढचं पान काढलं. त्यांचे ओठ हलत होते, दुकानात पावती वाचताना हलावेत तसे. महेश्वरी मागं येऊन उभी राहिली आणि खांद्यावरून वाचू लागली.

 महेश्वरी खाली बसली. "मला एकदा म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुमारास. एदी उरी, म्हणाल्या. जळजळतंय म्हणून मी ओवा दिला."

सिद्धलिंगांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते शेवटच्या पानावर आले होते. तिथं रेश्मानं लिहिलं होतं: विसाव्या पावलाला आजी छातीत दुखतंय म्हणाल्या. पंचविसाव्याला परत म्हणाल्या. मी म्हणाले, आधी दार, मग डबी. मग आजी आणखी सात पावलं चालल्या.

"सात," ते म्हणाले.

"व्हय."

"दार गाठायचं मीच सांगितलं होतं."

रेश्माला नाही म्हणता येत नव्हतं.

सिद्धलिंगांनी फोटोकडे पाहिलं. मग अगदी हळू, एखाद्या पोरानं विचारावं तसं विचारलं, "म्हणजे अव्वानं लिंग मागितलंच नाही? एकदासुद्धा?"

इथं एक शब्द खोटा बोलली असती तर काही बिघडलं नसतं. रेश्माला ते कळत होतं. त्यांचा चेहरा त्या एका शब्दाची वाट बघत होता.

"हातात दिलं की गप व्हायच्या दादा," ती म्हणाली. "मागितलं मातर कदीच न्हाई."

सिद्धलिंगांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन परत खिशात ठेवलं.